नमुना 4 : सीई आणि मास स्पेक जोडतानाच्या नोंदी

3 जून 2024

दोन्ही यंत्रं अखेर शेजारी आली. कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे आमच्या बोलण्यातली सीई (केसासारख्या बारीक काचेच्या नळीत विजेच्या जोरावर रेणू वेगळे करणारं यंत्र), गेली दोन वर्षं कोपऱ्यात एकटीच चालत होती, आणि रेणूंचं वजन मोजणारा टीओएफ मास स्पेक एलसीला, म्हणजे पंपानं द्रव ढकलून रेणू वेगळे करणाऱ्या यंत्राला, बांधलेला होता. आज एलसी बाजूला सारली. मॅडमनी सहा आठवडे दिलेत, त्यानंतर एलसीवाले परत येणार.

काम असं : वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखायचे. ठिपके विदर्भातल्या एका रुग्णालयातून आले आहेत, नावं नाहीत, फक्त आकडे. नमुना 1 एए (दोन्हीकडून साधं), 2 एएस (एक साधं, एक सिकल, म्हणजे वाहक), 3 आणि 4 एसएस (दोन्हीकडून सिकल, म्हणजे आजार). ही लेबलं तिथल्या अल्कली जेलवरून दिलेली, म्हणजे जेलच्या थरात वीज सोडून प्रथिनं किती सरकतात ते बघून. सिकलसेल माझ्यासाठी पुस्तकातला शब्द नाही, आमच्या तालुक्यात लग्न ठरवताना हल्ली पत्रिकेबरोबर 'तपासणी केली का' असंही विचारतात. पण हे काम निदानाचं नाही, पद्धत बसवण्याचं आहे, हे स्वतःला बजावून ठेवते.

दुपारी वर्कशॉपचे काका आले. सीईची इनलेट कुपी आणि मास स्पेकवरच्या स्प्रेअरचं (कॅपिलरीतला द्रव फवारून आत सोडणाऱ्या भागाचं) टोक एका पातळीत हवं. मी मोजपट्टी घेऊन वाकून बघत होते. काका म्हणाले, "ताई, असं नाही होत ते." आणि त्यांनी पारदर्शक नळी आणली, गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात तीच. नळीत पाणी, एक टोक इकडे, एक तिकडे. फरक 10 सेंटिमीटर निघाला. सीईखाली प्लायचे तुकडे लावून तो काढला.

रात्री हिशेब केला. 10 सेंटिमीटर पाण्याचा दाब साधारण 10 मिलीबार. 80 सेंटिमीटर लांब, 50 मायक्रॉन भोकाच्या कॅपिलरीत एवढ्या दाबानं 15 मिनिटांत द्रव जवळजवळ 9 सेंटिमीटर आपोआप सरकला असता. एलसीत हे लक्षातही येत नाही, तिथे पंपच ढकलतो. इथे ढकलणारं फक्त विद्युतक्षेत्र आहे, त्यामुळे प्लायवूडचा तुकडासुद्धा पद्धतीचा भाग. काकांचे आभार मानायचे राहिले.

6 जून

कॅपिलरी कापण्यात सगळा दिवस. बाहेरचा व्यास 360 मायक्रॉन, वर पॉलिइमाइडचा तपकिरी लेप. लेप असतो तोवर ती बोटाला गुंडाळली तरी मोडत नाही, लेप गेला की नुसत्या श्वासानं तुटेल असं वाटतं. टोकाचा लेप काढावाच लागतो, कारण काही द्रावकांत तो फुगतो आणि फवारा वाकडा होतो. लायटरच्या ज्योतीत दोन सेकंद, मग मेथॅनॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यूनं पुसायचं.

सिरॅमिकच्या पातीनं एकच हलकी रेघ मारायची आणि सरळ ओढायचं. करवतीसारखी पाती फिरवली की कड फुटते. माझी पहिली पाच टोकं सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेल्या कपाच्या कडेसारखी दिसली. सहावं बरं, आठवं चांगलं. तेच स्प्रेअरमध्ये घातलं. तीन नळ्या एकात एक : मध्ये कॅपिलरी, तिच्याभोवती शीथ लिक्विड (फवाऱ्याला साथ देणारा द्रव), त्याभोवती नायट्रोजन. कॅपिलरीचं टोक अगदी जरासं, साधारण 0.1 मिलिमीटर बाहेर. आत राहिलं तर फवारा अडखळतो, जास्त बाहेर आलं तर शीथ नीट पोचत नाही.

10 जून

पहिला फवारा, पहिली फजिती. बफर, म्हणजे कॅपिलरीत भरायचं द्रावण, 1 मोलर फॉर्मिक आम्ल, पीएच 1.9च्या आसपास. शीथ म्हणजे आयसोप्रोपॅनॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, 0.1 टक्का फॉर्मिक आम्ल, मिनिटाला 4 मायक्रोलिटर. 30 किलोव्होल्ट दिले, करंट 40 मायक्रोॲम्पिअर. हिशेबानं एवढाच यायला हवा होता, म्हणून खूश झाले. सहाव्या मिनिटाला करंट शून्य.

कॅपिलरी फुटली असावी म्हणून ती काढली, नवी घातली. तीच गत. तिसऱ्या वेळी लक्ष शीथच्या सिरिंजकडे गेलं. नळीत मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा पुढे सरकत होता. सीईला एरवी दोन्ही टोकांना बफरची कुपी असते, इथे दुसरी कुपीच नाही. सर्किट पुरं करणारी तार म्हणजे शीथ लिक्विड. त्यात हवा आली की तार तुटली. दोन चांगली टोकं फुकट गेली.

1987मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलँडला रिचर्ड स्मिथ यांच्या गटानं सीई पहिल्यांदा इलेक्ट्रोस्प्रेला (मास स्पेकमध्ये जाणाऱ्या भारित फवाऱ्याला) जोडली, आणि लगेच दुसऱ्या वर्षी शीथची कल्पना आणली. पहिली जोडणी करून वर्षभरात ती बदलावीशी का वाटली असेल, ते आज कळलं.

13 जून

शीथ आता अल्ट्रासॉनिक बाथमध्ये वीस मिनिटं ठेवून मगच भरते. करंट सरळ रेषेत.

नमुना किती आत जातो ते काढलं : 50 मिलीबार, 10 सेकंद, म्हणजे सुमारे 9.6 नॅनोलिटर. अख्खी कॅपिलरी दीड मायक्रोलिटरची. म्हणजे एका ठिपक्यातून हजारो वेळा रन घेता येईल इतका माल आहे आणि कुपीच्या तळाशी सुईला तो टेकतच नाही, हा विरोधाभास. लहान इन्सर्ट मागवले.

20 जून

चाचणी म्हणून अमिनो आम्लांचं मिश्रण. लायसिन आणि ग्लुटामिन, दोन्ही 147वर. आमचा टीओएफ त्यांना दशांशावरून वेगळं करतोच (147.113 आणि 147.076), पण सीईनं आधीच लांब केलं होतं : लायसिन सगळ्यांच्या पुढे, ग्लुटामिन बरंच मागून. नायट्रोजन इंजेक्शनच्या वेळी बंद ठेवायचा, हेही आजच नक्की केलं. तो टोकाशी ओढ निर्माण करतो आणि नमुन्यामागून हवा आत खेचतो.

25 जून

खरं रक्त. 3 मिलिमीटरचा गोल पंच, अमोनियम बायकार्बोनेट, ट्रिप्सिन (प्रथिनाचे तुकडे करणारं विकर), रात्रभर 37 अंशांवर. सकाळी फॉर्मिक आम्ल घालून थांबवलं.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा पहिला तुकडा आठ अमिनो आम्लांचा. साधा असेल तर दुहेरी भारावर 476.76 (मास स्पेक वजन भागिले भार दाखवतो). सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की सिकल, आणि पीक 461.77वर. नमुना 1मध्ये फक्त पहिलं. नमुना 2मध्ये दोन्ही, जवळपास शेजारी, साडेअकरा मिनिटांना. नमुना 3मध्ये 461.77 उंच आणि 476.76 अगदी बुटकं.

त्या बुटक्यावर माझी आणि मॅडमची अर्धा तास चर्चा. एसएसमध्ये साधा तुकडा कुठून आला? नमुने मिसळले? मॅडम म्हणाल्या, "डेल्टा साखळी आठव." हिमोग्लोबिन ए2मध्ये बीटाच्या जागी डेल्टा असते, आणि डेल्टाचे पहिले आठ अमिनो आम्ल बीटासारखेच आहेत. ए2 थोडंसं प्रत्येकाच्या रक्तात असतं. म्हणजे हे बुटकं पीक असायलाच हवं. नसतं तर काळजी होती.

1949मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळं चालतं हे दाखवलं. पुढे सात-आठ वर्षांत इन्ग्रॅमनी त्याचे ट्रिप्सिननं तुकडे करून कागदावर एका दिशेला वीज आणि दुसऱ्या दिशेला क्रोमॅटोग्राफी चालवली, आणि फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे हे काढलं. वीज आणि मग दुसरं काहीतरी. आम्ही त्यांच्याच वाटेवर आहोत, फक्त कागदाच्या जागी काचेचा केस आहे.

28 जून

नमुना 4. लेबल एसएस. माझ्या रनमध्ये 476.76 आणि 461.77 जवळजवळ समान.

म्हणजे एएस. वाहक. आजारी नाही.

दुसरा पंच घेतला, पुन्हा रात्रभर पचवायला ठेवला.

2 जुलै

पुन्हा तेच, निम्मं-निम्मं. डेल्टा इतकी असणं शक्य नाही. मागच्या रनचा अवशेष म्हणावा तर मध्ये दोन कोरे रन घेतले होते, ते कोरेच होते. रक्त चढवलेला रुग्ण? मग जेलवर ए दिसला असता. रुग्णालयाकडून जेलचा फोटो मागवला : एसच्या जागी जाड पट्टा, एच्या जागी काही नाही. विद्राव्यता चाचणी (सिकल हिमोग्लोबिन आहे का ते सांगणारी) पॉझिटिव्ह.

माझी पहिली प्रतिक्रिया, खरं सांगायचं तर, 'जेलवाल्यांनी ठिपके बदलले' अशी होती. मास स्पेकच्या चार दशांशांपुढे जेलचा पट्टा म्हणजे काय, असा एक माज आमच्याकडे असतो. मॅडमना तसं म्हणालेही. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "जेलनं काय पाहिलं आणि तू काय पाहिलंस, ते लिहून आण."

4 जुलै

लिहिलं. जेल भार बघतं, संपूर्ण प्रथिनाचा, अल्कली बफरमध्ये. मी पहिल्या आठ अमिनो आम्लांचं वजन बघितलं. बीटा साखळीत 146 आहेत. उरलेल्या 138कडे मी पाहिलेलंच नाही.

एसच्या जागी थांबणारा आणि एस नसलेला एक प्रकार जुना आणि प्रसिद्ध आहे : डी पंजाब. इटानो यांनी 1951मध्ये तो दाखवला तेव्हाही हीच गोष्ट होती, जेलवर सिकलसारखा चालतो पण पेशी विळ्यासारख्या वळत नाहीत. त्यात 121व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन. ऋणभार एकानं कमी, नेमका सिकलइतकाच.

आता समजा आई-वडिलांपैकी एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून डी आलं. जेलवर दोन्ही एकाच जागी : एसएस दिसणार. विद्राव्यता एसमुळे पॉझिटिव्ह. आणि माझ्याकडे? एस साखळीचा पहिला तुकडा सिकलचा, डी साखळीचा पहिला तुकडा साधा. निम्मं-निम्मं. एएससारखं हुबेहूब. पण एसडी हा वाहक नव्हे, त्याला सिकलचाच आजार होतो. जेलनं लेबल चुकवलं तरी माणूस आजारी हे बरोबर सांगितलं. मी दशांशांसकट त्याला निरोगी ठरवत होते.

दुपारी जेवले नाही.

5 जुलै

सोपं वाटलं : 121पासूनचा तुकडा जुन्या डेटात शोधायचा. साधा 689.85, डीचा 689.36. पण डीच्या तुकड्यात एक कार्बन-13 (एकानं जड कार्बन) आला की तो 689.86वर जाऊन बसतो. साध्यापासून अंतर 0.01. ते वेगळं दिसायला विभेदनक्षमता सत्तर हजारांच्या वर हवी, आमच्या टीओएफच्या आवाक्यापलीकडे. 689.36वर मात्र काहीतरी आहे. लहान, गोंगाटातून जेमतेम वर आलेलं. एवढ्यावर मी सही करणार नाही.

आणि सीईनं का नाही वेगळं केलं? उत्तर बफरमध्येच आहे. पीएच 1.9ला ग्लुटामिक आम्ल आपला प्रोटॉन सोडतच नाही. तिथे ते आणि ग्लुटामिन दोघेही बिनभाराचे. फवारा छान मिळावा, पेप्टाइड भिंतीला चिकटू नये म्हणून आपण आम्ल बफर घेतो, आणि ज्या भारासाठी सीई लावली तोच भार झाकून टाकतो. संपूर्ण प्रथिन मोजूनही भागत नाही : 15,867मध्ये एका डाल्टनचा फरक, तोही मिश्रणात.

(मोठ्या केंद्रांत एचपीएलसीवर, म्हणजे जास्त दाबाच्या एलसीवर, एस आणि डी वेगळे दिसतात, त्यामुळे आम्ही जगावेगळं काही करत नाही आहोत. पण आपली पद्धत कुठे आंधळी आहे, हे माहीत नसताना ती पुढे नेता येणार नाही.)

9 जुलै

बफर बदलला : 50 मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट, पीएच 5.5. रुग्णालयांतल्या सीईत अल्कली बफर असतो, पण बोरेटसारखे क्षार उडून जात नाहीत, मास स्पेकच्या तोंडावर मीठ साचतं. ॲसिटेट उडतं.

कागदावर हिशेब असा. पीएच 5.5ला साधा तुकडा : अमिनो टोक धन, लायसिन धन, ग्लुटामिक ऋण, कार्बॉक्सिल टोक ऋण. बेरीज शून्य. डीचा तुकडा : ऋणांपैकी एक गेला, बेरीज अधिक एक. एक विजेनं द्रवात तयार होणाऱ्या प्रवाहाबरोबर नुसता वाहत येईल, दुसरा त्याच्या पुढे धावेल. कॅपिलरीत शून्य भार असला तरी बिघडत नाही, टोकाशी शीथमधलं आम्ल भेटलं की त्यावर भार चढतो आणि मास स्पेकला तो दिसतो.

16 जुलै

आठवडा गेला. पाऊस लागून राहिलाय, खोलीतली आर्द्रता ओसरत नाही. 30 किलोव्होल्टवर दोनदा ठिणगी, दुसऱ्या वेळी कॅपिलरीच्या लेपाला काळा ठिपका. डिह्युमिडिफायर दुसऱ्या प्रयोगशाळेतून उसना आणला, त्याची बादली दिवसातून तीनदा ओतावी लागते.

शिवाय पीक ओघळताहेत. या पीएचला काचेची भिंत ऋण, पेप्टाइड धन, चिकटणारच. प्रत्येक रनआधी सोडियम हायड्रॉक्साइडनं धुतलं, पण तेव्हा स्प्रेअर मास स्पेकपासून बाजूला काढून. न काढता धुतलं तर सगळं सोडियम आत, आणि मग दोन दिवस प्रत्येक पीकच्या मागे 22चा शेपटीवाला सोबती.

17 जुलै

आषाढी. मॅडमनी डबाभर साबुदाण्याची खिचडी आणली होती. यंत्र दिवसभर बफरवर नुसतं चालू ठेवलं. करंट 35 मायक्रोॲम्पिअर, हललाही नाही.

19 जुलै

नमुना 4, नवा बफर.

689.36 : नऊ मिनिटं पाच सेकंद. अरुंद, सरळ.
689.85 : बारा मिनिटं.

मध्ये तीन मिनिटांची मोकळी जागा. ज्या दोघांत 0.01चं अंतर उरलं होतं, त्यांच्यामध्ये आता चहा पिऊन येता येईल. नमुना 1, 2, 3मध्ये नऊ मिनिटांना काही नाही. 689.85 डेल्टाचं असेल का, हेही पाहिलं : नाही, त्या तुकड्यात डेल्टाची 125 आणि 126वी अमिनो आम्लं वेगळी आहेत, वजन जुळत नाही. म्हणजे ते एस साखळीचंच.

पण प्रमाण जमत नाही. एस आणि डी सारखे असतील तर दोन पीकही सारख्या तोलाचे हवेत. डीचं साध्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच आहे.

22 जुलै

डी कुठे गेलं ते सापडलं. सगळा डेटा वजनाप्रमाणे लावून बघताना 680.85वर एक पीक, वेळ बारा मिनिटं, साध्या तुकड्याच्या अगदी मांडीला मांडी लावून. 689.36हून दुहेरी भारावर 8.51 कमी, म्हणजे 17 डाल्टन : अमोनिया गेला.

डीच्या तुकड्याचं पहिलंच अमिनो आम्ल ग्लुटामिन. ते टोकाला असलं की स्वतःभोवती वळून वर्तुळ करतं, पायरोग्लुटामेट होतं, आणि त्यात अमिनो टोकाचा धनभार जातो. मग बेरीज पुन्हा शून्य, म्हणून ते बारा मिनिटांना. ट्रिप्सिनला मी रात्रभर 37 अंशांवर ठेवत होते, म्हणजे त्याला वळायला पुरेपूर वेळ. जूनच्या आम्ल रनमध्ये हे का नाही दिसलं, तेही कळलं : एक भार कमी म्हणून तिथे ते बरंच उशिरा आलं असतं, आणि मी रन 25 मिनिटांना थांबवत होते.

मॅडमना उत्साहानं दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ग्लुटामिक आम्लही वळतं ना?" वळतं. त्यातून पाणी जातं आणि उरतो तो पदार्थ नेमका हाच, वजनाला तोच. म्हणजे 680.85 एकटं डीचा पुरावा नाही. ग्लुटामिक फार हळू वळतं हे खरं, पण ते माझ्या परिस्थितीत किती, हे एएनं सांगायला हवं.

24 जुलै

नमुना 1, रात्रभर पचवलेला : 680.85वर जेमतेम सावली. नमुना 4, रात्रभर : स्पष्ट पीक. नमुना 4, फक्त अर्धा तास पचवून लगेच आम्ल घातलेला : 680.85 खाली बसलं, 689.36 वर आलं, आणि आता डी आणि साधा जवळपास सारखे. तिन्ही लागोपाठ, एकाच कॅपिलरीत, मध्ये कोरे रन. दुपारी उलट्या क्रमानं पुन्हा घेतले.

यापुढे पचन अर्धा तासच. कार्यपद्धतीच्या कागदावर लाल पेननं लिहिलं.

30 जुलै

मॅडमनी रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन केला, मी समोर बसले होते. त्या 'निदान' हा शब्द एकदाही बोलल्या नाहीत. "सर, नमुना 4चं एचपीएलसी आणि जमलं तर डीएनए करून घ्या. आमच्याकडे 121व्या जागेबद्दल शंका आहे. आणि आई-वडिलांचीही तपासणी बघा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मॅडम म्हणाल्या, "नाही, तुमचं जेल चुकलं नव्हतं."

काम अजून आहे. शीथमुळे नमुना तीसेक पट पातळ होतो : कॅपिलरीतून मिनिटाला 130 नॅनोलिटर येतं आणि त्यात आपण 4 मायक्रोलिटर ओततो. 2007 साली मोइनींनी टोकच सच्छिद्र करून शीथ काढून टाकला होता, त्यासाठी वेगळं पात्र लागेल, पैसे बघावे लागतील. एलसीवाले आज दोनदा डोकावून गेले.

बावीस नवे ठिपके आलेत. सगळ्यांवर लेबल आहे. ती लेबलं मी रन होईपर्यंत पाकिटातच ठेवायला काकांना दिली.